बारा महिने पाणी

गुरुग्राम,
९ फेब्रुवारी २०२५

ती. पद्मादादांस,
सा. न.

राधाआत्या गेल्या त्याला वर्ष होत आलं आणि मी तुम्हाला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. याबद्दल आधी माफी मागते. लिहायला बसले की प्रत्येक वाक्य छापील वाटायचं, मग कागद फाडून टाकायची. हे कारण आहे की सबब, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

आज लिहिते आहे ती मात्र तुमच्या परवाच्या फोनमुळे. माझा मोबाईल बंद होता म्हणून तुम्ही आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर फोन केलात आणि साधनाला म्हणालात, "उस बाई को बोलो, उसका भाई मर गया." ती बिचारी रडवेली होऊन मीटिंगमध्ये आली. मला सख्खा भाऊ नाही हे आठवायलासुद्धा मला जरा वेळ लागला. धावत जाऊन फोन घेतला तर मेलेले भाऊ तुम्हीच, आणि चांगले खणखणीत ओरडत होतात. आते-मामे भावंडांत चालतं तेवढं मीही चालवून घेते. पण पुन्हा असं करू नका.

तुमच्या ओरडण्यातून मला एवढंच कळलं की "तुझ्या हॉटेलने आमची शेती बुडवली." म्हणून खुलासा करते. 'भरती' हॉटेल माझं नाही. ते इथल्या मानस नावाच्या माणसाच्या कंपनीचं आहे. (दिल्लीत नाव सांगितलं की लोक विचारतात, कोण आजारी आहे? हिंदीत 'भर्ती' होतात ते इस्पितळात. पण ते असो.) मी पर्यावरणाची सल्लागार. जागा पाहायची, तिथे काय आहे आणि काय केलं तर निसर्गाचं नुकसान होणार नाही, हे लिहून द्यायचं, एवढं माझं काम. तुमच्या वेळखोलच्या खाडीकाठी ते मी मनापासून केलं. जांभ्या दगडाच्या भिंती, एसी नाही, वारा खेळेल अशी छपरं, खोल्या खांबांवर उचललेल्या. खाडीचं पाणी पूर्वीसारखं आत-बाहेर होऊ द्यायचं म्हणजे कांदळवन परत उभं राहील. यात कुणाची शेती बुडते, ते मला खरोखर समजलेलं नाही. शांतपणे लिहून कळवा.

नीलावहिनींना नमस्कार.

तुमची,
रेवती

*

वेळखोल,
२० फेब्रुवारी

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद. (लिहायची पद्धत आहे म्हणून.)

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तुम्ही दिल्लीची माणसं 'जी दादा, जी दादा' करता आणि ठेवता. लिहिलेलं निदान दाखवता येतं.

तुला समजलेलं नाही म्हणतेस. मी तेहेतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, माझ्याकडे मठ्ठ पोरं पुष्कळ होती, तेव्हा सावकाश सांगतो.

खाडी आणि आमची शेतं यांच्यामध्ये बांध आहे. बांधाच्या टोकाला दगडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. त्यात फळ्या बसतात. पावसाळ्यात भरती आली की फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या. म्हणजे पावसाचं पाणी बाहेर जातं आणि खाडीचं खारं पाणी आत येत नाही. पहिला पाऊस जमिनीचं मीठ धुतो, मग आम्ही मुणग्याचं, खाऱ्या जमिनीत तगणारं भात लावतो. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की फळ्या काढून ठेवतो आणि खाडी मुद्दाम आत घेतो. का? कारण पाण्याबरोबर मासे येतात, कोळंबी येते. गाव त्याच्यावर उन्हाळा काढतं. वैशाखात पुन्हा फळ्या. हे माझ्या आजोबांच्या आजोबांपासून चालू आहे.

तू आलीस मार्चमध्ये. शेतात पाणी पाहिलंस आणि लिहून मोकळी झालीस की ही जमीन बारमाही भरतीच्या पाण्याखाली असते, शेती नाही, उघाडीचा उपयोग उरलेला नाही, ती कायमची उघडी करावी. कंपनीने टोकाचा तुकडा आधीच घेतला होता. डिसेंबरात माणसं आली आणि फळ्या उचलून घेऊन गेली. त्या फळ्या कुठे आहेत माहीत आहे? कंपनीच्या पोराने मला मोबाईलवर फोटो दाखवला. मानेसरच्या कारखान्यात त्यांना पॉलिश चढतंय. हॉटेलच्या काउंटरसाठी! मिठाने काळं पडलेलं लाकूड पाहुण्यांना आवडतं म्हणे.

फळ्या गेल्या तर जाऊ देत, सुतार नव्या करील. पण बसवायचा विषय काढला की वॉचमन अडवतो आणि परवानगीचा कागद नाकासमोर धरतो. त्याला जोडलेला अहवाल तुझा, सही तुझी. जूनच्या आधी उघाडी बंद झाली नाही तर यंदा अठरा घरांचं भात नाही, आणि एकदा पावसाळाभर खारं पाणी मुरलं की पुढची कित्येक वर्षं नाही.

गावात कोणाला काही न विचारता हे लिहायचं धाडस कुठल्या कॉलेजात शिकवतात?

पद्माकर

*

गुरुग्राम,
३ मार्च

ती. दादांस,

तुमचं पत्र वाचल्यावर मी माझा अहवाल काढून पुन्हा वाचला. माझ्या मुलीने, मयुराने, टेबलावरचं पत्र वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "मम्मा, उघाडी मतलब?" मी तुमचाच परिच्छेद तिला वाचून दाखवला. तो मला वर्षापूर्वी माहीत असता तर हे झालंच नसतं. इथवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण शेवटचं वाक्य मी मान्य करणार नाही. मी विचारलं होतं, आणि ते तुम्हाला विचारलं होतं.

तुम्ही बांधावर छत्री घेऊन उभे होतात. मी म्हणाले, "दादा, हे पाणी कायम असतं का?"

तुम्ही म्हणालात, "बारा महिने."

"इथे कुणी काही पेरत नाही?"

"पेरणार काय, मीठ? बेडूकसुद्धा राहत नाही इथं."

"मग हे दगडी दार कशाला?"

"जुनं आहे. पडलंय तसंच."

तुम्ही हसलातही होतात. मला वाटलं, दादा किती दिवसांनी आपल्याशी मोकळेपणाने बोलले.

त्या दौऱ्यात तलाठ्याकडे जाऊन सातबारावरचं पीक पाहायचं, असं मी ठरवलं होतं. ते मी रद्द केलं. परक्या गावात मी हे कधीच केलं नसतं. तिथे मी तलाठी, ग्रामसेवक, दोन-चार शेतकरी असे सगळे गाठते. तुमच्या गावात मात्र मला वाटलं, दादांनी सांगितल्यावर पुन्हा कागद तपासणं म्हणजे त्यांचा अपमान. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये कोकणातल्या पर्यटनावर कार्यक्रम झाला, तिथे मी हे काम पडद्यावर दाखवलं. टाळ्या पडल्या. हे माझ्या आतेभावाचं गाव, असंही मी अभिमानाने सांगितलं.

तेव्हा कृपा करून धाडसाच्या गोष्टी मला सांगू नका. तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात, एवढं सांगा.

रेवती

*

वेळखोल,
१२ मार्च

रेवती,

माझ्या तोंडी काय वाटेल ते घालू नकोस. मी असलं काही बोललो नाही. मार्चच्या उन्हात डोकं फिरलं असेल तुझं, गॉगल लावूनसुद्धा.

तुझी युक्ती मला कळते. स्वतःच्या अंगाशी आलं की गावातल्या म्हाताऱ्यावर ढकलायचं. मामांचीही हीच रीत होती. साहेबाने विचारलं की फाइल खालच्याकडे. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेलं माणूस दुसरं काय शिकणार?

आई शेवटचे आठ दिवस तुझं नाव घेत होती. "रेवती येतेय का?" तुला सुट्टी मिळाली नाही. पण हॉटेलची जागा पाहायला मिळाली, नाही का? महिन्याभरात आलीस. विमानाने.

काल तुझा तो मानस आला होता. मी त्याला बांधावर गाठलं. म्हटलं, "ये हमारा खेत है." तो म्हणाला, "अंकल, ये तो वेटलैंड है, नेचर है." मी म्हटलं, "नेचर तेरे बाप का है क्या?" तर हसून त्याने माझा फोटो काढला. त्याच्या हॉटेलच्या पुस्तकात आता माझा चेहरा येईल आणि खाली लिहितील, स्थानिक संस्कृती.

जूनपर्यंत उघाडी बंद नाही झाली तर मी स्वतः दगड टाकून बुजवणार. मग पोलीस मला नेतील. तेव्हा पुन्हा फोन येईल आणि तुझी रिसेप्शनवाली भावाबद्दल जे सांगेल ते खरं असेल.

पद्माकर

*

वेळखोल,
१६ मार्च

प्रिय रेवती,

मी कधी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

ते बोलले होते. मी शेजारीच होते, तुझ्या चपला हातात धरून, कारण तू चिखलात उतरली होतीस. मला वाटलं गंमत करताहेत, नंतर सांगतील. सांगितलं नाही.

त्याच्या आधी महिनाभर एजंट घरी येऊन बसत होते. बाग विका, शेत विका, घर विका. चहा पिऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. तू त्यांच्याच गाडीतून उतरलीस ना, तेव्हाच ह्यांचं डोकं फिरलं. ह्यांनी विचार केला, जमीन खारी, बारा महिने पाण्यात, असं सांगितलं की कंपनी म्हणेल फुकटसुद्धा नको, आणि जाईल पुढच्या गावाला. रात्री जेवताना खुशीत होते. म्हणाले, "रेवतीला बरोबर वाटेला लावलं." आम्हाला काय माहीत तुम्हा लोकांना खारं पाणीच हवं असतं? आमच्याकडे ज्या जमिनीत मीठ, तिला कोणी विचारत नाही.

हे मी ह्यांना वाचून दाखवलं आहे. ह्यांनी तिकीट दिलं नाही, मी पोस्टात जाऊन घेतलं.

आत्या तुझं नाव घेत होत्या हे खरं आहे. पण त्या सगळ्यांचीच नावं घेत होत्या. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
नीला

*

वेळखोल,
१८ मार्च

रेवती,

नीलाने लिहिलं ते खरं. आता नाच.

तू परक्या लोकांच्या गाडीतून उतरून माझ्या बांधावर कागद घेऊन उभी राहिलीस. कंपनीची माणसं 'मॅडम, मॅडम' करत मागे. माझ्या जागी कोणीही तेच सांगितलं असतं. शत्रूला आपल्या विहिरीची खोली कोणी सांगत नाही. तू नातेवाईक म्हणून आली असतीस, घरी राहिली असतीस, तर मी तुला उघाडी उघडून दाखवली असती. तू त्यांच्या खर्चाने रिसॉर्टवर उतरलीस.

गाव समजतं की हा सगळा घोळ दिल्लीच्या बाईचा. तसंच राहिलं पाहिजे. माझं नाव कागदावर आलं तर अठरा घरांत मला कोणी दारात उभं करणार नाही. तू राहतेस तिथे शेजारी कोण हे माणसाला माहीत नसतं. मला इथेच मरायचंय, खरोखर.

ही विनंती नाही. विनंती मी तुला करणार नाही.

पद्माकर

*

गुरुग्राम,
३० मार्च

दादा,

तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून मी तुमच्यावर रागावून आहे. आधी वाटलं होतं खरं कळलं की राग उतरेल. उलट तो नीट बसला, जागच्या जागी.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

अहवाल ज्या कार्यालयात दाखल झाला तिथे मी चौकशी केली. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं की अहवाल देणाऱ्यानेच तो चुकीचा म्हणून मागे घेतला तर उघाडी उघडी ठेवायची परवानगी थांबते. नवीन पाहणी होईपर्यंत दार पूर्वीसारखं चालवावं लागतं. म्हणजे तुम्हाला फळ्या बसवता येतील, वॉचमनला अडवता येणार नाही. मी दुरुस्तीपत्राचा मसुदा केला आणि लपवाछपवी नको म्हणून आधी मानसला दाखवला.

तो सुरुवातीला शांत होता. म्हणाला, "रेवतीजी, ये तो हमारा पूरा कॉन्सेप्ट है. पानी नहीं तो बोर्डवॉक किसके ऊपर बनेगा? भात के?"

मी म्हटलं, "पावसाळ्यात भातावर. बाकीच्या दिवसांत पाण्यावर. खाडीकाठची ही शेतजमीन, हेच खरं खाजण आहे, आपण पाहिलं ते अर्धं होतं."

"गेस्ट्स को कीचड़ दिखाऊँ?"

मग त्याने मसुदा पुन्हा वाचला आणि त्याचा चेहरा बदलला. "एक मिनिट. आपने ही तो बताया था, गाँव के बंदे ने खुद कहा है कि बारह महीने पानी रहता है. आपके कोई कज़िन थे. वो लाइन कहाँ है इसमें?"

मला त्याचा रोख कळला. त्याचा वकील आमच्याबरोबर बसला होता, त्याने सरळच सांगितलं. गावातल्या शेतकऱ्यानेच तसं सांगितलं होतं, हे एक वाक्य पत्रात टाकलं की चूक माझीही उरत नाही आणि कंपनीचीही. कंपनीने गावाच्या शब्दावर विश्वास ठेवला, असं होतं. मग परवानगी लढवता येते, दोन-तीन वर्षं सहज. तोवर दार उघडं.

मानस म्हणाला, "बस नाम डाल दो. आप भी सेफ, हम भी सेफ. सच ही तो है."

सच ही तो है. दादा, गेली वीस वर्षं मी अहवाल लिहिते. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही आणि जे ऐकलं ते गाळायचं नाही, एवढा एकच नियम मी कधी मोडलेला नाही. लोक मला कामं देतात ती त्यासाठी. तुमचं वाक्य गाळलं तर कागद अपुरा राहतो. घातलं तर तुम्ही गावात उरत नाही आणि उघाडीही उघडी राहते. मी पुष्कळ विचार केला असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे तिथल्या तिथे उत्तर दिलं.

मी म्हणाले, "कोणी सांगितलं होतं, मला आठवत नाही."

"याद नहीं? आपको?"

"नहीं याद."

मला अक्षरन् अक्षर आठवतं. छत्रीचा रंगसुद्धा.

दुरुस्तीपत्रात आता एवढंच आहे: पाहणी चुकीच्या ऋतूत केली, पीक-नोंदी तपासल्या नाहीत, स्थानिक चौकशी अपुरी होती, जबाबदारी संपूर्ण माझी. यातलं एकही वाक्य खोटं नाही. सगळी मिळून खोटी आहेत. मानसने माझ्याशी असलेला करार तिथेच संपवला आणि ज्यांनी मला कामं दिली आहेत त्यांनाही हे कळवणार, असं सांगितलं. ते तो करील. मीही त्याच्या जागी कळवलं असतं.

हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही तसं समजाल आणि गप्प बसाल, आणि मग आपलं सगळं ठीक झालं असं लोक म्हणतील. मोठेपणा करताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं का, हेही मी तपासलं. थोडं वाटत होतं. पण तेवढ्यासाठी मी हे केलं नसतं. अठरा घरांतली सतरा घरं माझ्याशी खोटं बोललेली नाहीत. त्यांचं भात माझ्या सहीने बुडतंय.

तुम्ही म्हणता, मी शत्रूसारखी आले. कंपनीच्या गाडीतून उतरले आणि रिसॉर्टवर राहिले, हे खरं आहे. आत्या गेल्यानंतर त्या घरात पाऊल टाकायची मला हिंमत नव्हती. हे तुम्ही मला विचारू शकला असता. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. पण न विचारणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे, आणि गणिताच्या माणसाला तो कळायला हवा. तुम्ही कंपनीला फसवत होतात असं तुम्हाला वाटलं. फसवलंत मला, कारण त्या सगळ्यांत तुमच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते.

तेव्हा यापुढे पत्राच्या वर आशीर्वाद लिहू नका, पद्धत म्हणूनसुद्धा. मीही नमस्कार लिहिलेला नाही. नीलावहिनींना मात्र सांगा, त्यांचं पत्र उत्तम होतं, कुठेही चुकलेलं नाही. त्यांना मी वेगळं लिहीन.

नव्या फळ्या सुताराकडून आताच करून घ्या. परवानगी थांबल्याचा आदेश निघायला काही दिवस लागतील, पण मे महिना हाताशी राहील. मानेसरच्या फळ्या मी मागितल्या नाहीत. त्यांच्यावर पॉलिश चढलंय, खाऱ्या पाण्यात आता त्या टिकणार नाहीत.

रोजनिशीत रोज दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहून मी दिवस संपवते. आज ते इथेच लिहिते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

उद्या : दुरुस्तीपत्र स्वतः नेऊन देणे, शिक्का मारून पोच घेणे.

रेवती